कोऱ्या कडा

कानाएने गाडी उचलून धरली लिफ्टवर,
मागचं चाक हातानं फिरवलं,
खाचेत उभं केलं पाच येनचं नाणं.
त्याला मधोमध भोक असतं.
भोक अख्खं दिसलं
आणि त्यातून पलीकडची भिंत,
दूधसंघाचं कॅलेंडर, मे महिन्याची गाय.

"मधे संपलाय," ती म्हणाली. "पाटासारखा सपाट.
पण कडा बघा, तोकुमित्सु-सान."
मी वाकलो.
दोन्हीकडे दोन-दोन बोटं रबर, कोरं करकरीत.
एकोणीस हजार किलोमीटर
आणि रस्ता तिथवर कधी पोचलाच नव्हता.

वाटलं, कुणीतरी माझी वही उघडून
चारचौघांत वाचतंय.
(चारचौघं कुठली, ती आणि
कंप्रेसरवर झोपलेलं मांजर.)

एकतीस वर्षं दुधाचा टँकर चालवला मी,
बेत्सुकाईच्या गोठ्यांपासून कारखान्यापर्यंत.
अर्धा भरलेला टँकर सांगून कळत नाही.
तुम्ही वळता, दूध वळत नाही.
ते मागून येतं, उशिरा,
आणि खांद्यानं ढकलतं.
म्हणून वळणाच्या कितीतरी आधी ब्रेकवर पाय,
वळणभर रोखलेला श्वास,
आणि दूध शांत होईतो
बायकोनं विचारलेल्या कशालाही उत्तर नाही.
निवृत्त झालो, मोटरसायकल घेतली.
पाठीशी दूध नाही, हे डोक्याला कळलं.
कमरेला नाही.

कानाएने तीन टायर काढले.

पहिला कडक. पंचवीस हजार चालेल, डोळे झाकून.
"पण तुमचे वर्षाला चार हजार.
ऑक्टोबरनंतर बर्फ. नुसतं उभं राहूनही
रबर म्हातारं होतंच की."
मी मनात भागाकार केला.
सहा वर्षं. तेव्हा मी बहात्तर.
हा मला पुरून उरेल.

दुसरा स्वस्त.
अंगावर चार आकडे, आठवडा आणि साल.
चार हिवाळे फळीवर काढलेले.
"हा नको," तिनंच परत ठेवला,
विकत घेतलेल्या माशाचा वास घेऊन
नाक मुरडावं तसं.

तिसरा मधे कडक, कडांना मऊ.
आठ हजार येन जास्त.
"मऊ कशाला?"
"ओल्या वळणावर धरून ठेवतो."
"माझ्या कडा कोण वापरतंय?"
तिनं खांदे उडवले.
"त्या टायरबरोबर येतातच.
वापरायच्या की नाही, तुमचं तुम्ही बघा."

मी कडेवर अंगठ्याचं नख दाबलं.
खूण उमटली, आणि हळूच भरून आली.
हाच दे, म्हणालो.

नव्या टायरला लव असते,
बारीक रबरी केस, अंगभर,
नुकत्याच जन्मलेल्या वासरासारखे.
मी हात फिरवत बसलो, तिनं बिल केलं.
"पहिले शंभर किलोमीटर जपून हं.
नवं रबर निसरडं असतं. वळणावर झुकू नका."
मला हसू फुटलं.
तिला वाटलं, किंमत पाहून.

दुसऱ्या दिवशी शंभर किलोमीटर सरळ रस्ता मोजला,
बटाट्याची शेतं, मग बीटाची,
मग नुसतंच गवत. शारी डोंगरावर अजून बर्फ.
एकशे एकाव्याला बिहोरोचा घाट आला.
पहिल्या वळणावर ब्रेक. दुसऱ्यावर ब्रेक.
तिसऱ्यावर दुधाची वाट पाहिली,
ते आलं नाही.

रात्री गॅरेजमध्ये बॅटरी घेऊन
गुडघ्यांवर बसलो.
उजव्या कडेची लव होती तशीच.
डावीकडे, बोट लावून पाहिलं,
पुन्हा लावून पाहिलं,
एक बोटभर
कुणीतरी भादरलं होतं.